ग्लेशियर बेमध्ये कयाकिंग: अस्वलाआधी पाण्याचं बघा

विषय: ग्लेशियर बे, जुलै – सामानाची यादी

नमस्कार मंडळी,

अलास्कात ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरतंय. सहा जण, तीन डबल (दोघांच्या) कयाक, चार मुक्काम तंबूत. तळ्यात कयाक चालवायची सवय सगळ्यांना आहे, पोहताही येतं. यादीत अस्वलाचा स्प्रे, अस्वलासाठी घंटा, लाइफ जॅकेट, रेनकोट आणि गॅसची शेगडी आहे. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) भाड्याने घ्यावा का? आणखी काय राहिलंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रत्युत्तर: ग्लेशियर बे, जुलै – सामानाची यादी

यादी अस्वलाच्या धाकाने केलेली दिसते. तिथे खरा धोका पाण्याचा आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

जुलैतही खाडीच्या तोंडाशी पाणी १० अंश सेल्सियसच्या आतबाहेर असतं, बर्फाजवळ ५ च्याही खाली. अशा पाण्यात पोहता येण्याचा उपयोग फार थोडा वेळ. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांचं १-१०-१ हे सूत्र पाठ करा: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय नीट चालतात अशी साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास. लाइफ जॅकेट अंगात नसेल तर पहिल्याच मिनिटात धापा टाकताना नाकातोंडात पाणी जातं. ते कयाकच्या जाळीला अडकवून ठेवलेलं असेल तर नसल्यातच जमा.

वेटसूट नको, ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) घ्या. बिनबाह्यांचा वेटसूट घालून पावसात तासन्‌तास बसलात की वारा अंगातली ऊब काढून घेतो. ड्रायसूटच्या आत लोकर किंवा फ्लीस, सुती काहीही नाही, अगदी बनियनसुद्धा. गळ्याच्या आणि मनगटाच्या लॅटेक्स पट्ट्या नाजूक असतात: घड्याळ, बांगड्या, कडं काढूनच हात घाला. सनस्क्रीन आणि डासांचं मलम लागलं की लॅटेक्स चिकट होऊन फाटतं. चेन शेवटच्या बोटभर उघडी राहणं ही नेहमीची चूक, त्यामुळे ती दुसऱ्याने ओढून तपासायची. मग उकिडवं बसून गळ्याची पट्टी बोटाने किंचित उघडायची आणि आतली हवा काढून टाकायची. नाहीतर पाण्यात पडल्यावर ती पायांत साठते आणि पाय वर तरंगतात. कयाकसोबत ड्रायसूट मिळेलच असं धरू नका, भाड्याने देणाऱ्याला आधीच विचारा.

आता उलटल्यावर काय. सामान भरलेली डबल कयाक उचलून पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका, रिकामीच ४० किलोच्या आसपास असते. ती सुलट करा. मदतीची कयाक समांतर, नाकाला शेपूट अशी लावा. मदतनिसाने पूर्ण अंगभार टाकून उलटलेल्या कयाकच्या बैठकीची कड दोन्ही हातांनी पकडून ठेवायची. पाण्यातल्याने पाय मागे पसरून लाथा मारत पोटावर मागच्या डेकवर चढायचं, तोंड शेपटाकडे, पाय बैठकीत सरकवायचे आणि मग मदतनिसाच्या बाजूने वळून बसायचं. त्यानंतर पंपाने पाणी उपसायचं. मदतनिसाने तोवर कड सोडायची नाही, कारण आत पाणी हिंदकळत असलेली कयाक लगेच पुन्हा उलटते. प्रत्येक कयाकमध्ये पंप हवा, गटात किमान एक जादा वल्हं हवं. हा सराव ड्रायसूट घालून किनाऱ्यालगत, छातीभर पाण्यात करा. तळ्यात शर्ट-पँटवर केलेला धरू नका.

भरतीबद्दल: इथे उधाणाला पाणी २५ फुटांपर्यंत चढतं-उतरतं. सहा तासांतली चढउतार सारखी नसते. बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १. म्हणजे ६ मीटरचा फरक असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी दीड मीटर. "जेवून येऊ, तोवर कयाक इथेच राहू दे" म्हणणाऱ्यांची कयाक याच दोन तासांत जाते. ती शेवाळाच्या रेषेच्या वर, गवतापाशी न्यायची आणि झाडाला किंवा मोठ्या दगडाला बांधायची. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, त्यामुळे तंबूची जागा दोन्हींतल्या मोठीवरून ठरवा.

सिटाकाडे नॅरोज या खाडीतल्या अरुंद भागात प्रवाह ६ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) आसपास जातो. भरलेली डबल कयाक ३ नॉटने चालते, गणित सोपं आहे. पहिल्या खेपेला बार्टलेट कोव्ह या उद्यानाच्या मुख्य ठाण्याजवळची बिअर्डस्ली बेटं उत्तम, उन्हाळ्यात तिथे मोटारबोटींना बंदी असते. मात्र तिथला 'द कट' हा चिंचोळा मार्ग भरतीच्या आसपासच पार होतो. हिमनदी मागे हटल्यावर इथली जमीन अजून वर उचलली जातेय, त्यामुळे जुन्या नकाशातल्या खोलीवर विसंबू नका.

प्रत्युत्तर: ग्लेशियर बे, जुलै – सामानाची यादी

काकांनी पाण्याचं लिहिलंच आहे, मी जनावरांचं लिहिते.

घंटा यादीतून काढा, माणसाचा आवाज पुरतो. झुडपातून, ओढ्याकाठी जाताना मोठ्याने बोलत जा. स्प्रे हाताशी, पट्ट्यात. पिशवीच्या तळाशी असेल तर बिनकामाचा. अंतर ८-१० मीटरच, वारा तोंडावर असेल तर तुमच्याच डोळ्यांत. अस्वल दिसलं तर पळू नका, एकत्र उभे राहा. किनाऱ्यावर आधीच असेल तर उतरूच नका, पुढची जागा बघा.

खाणं, टूथपेस्ट, लिप बाम, सगळं अस्वलरोधक डब्यात. हे डबे उद्यानाकडून बार्टलेट कोव्हला विनामूल्य उसने मिळतात. स्वयंपाक आणि जेवण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच, म्हणजे सांडलंलवंडलं आणि वास पुढच्या भरतीत धुऊन जातो. तंबू, चूल आणि डबे एकमेकांपासून किमान १०० यार्ड. फोडणी, तळण विसरा: हिंग-लसणाचा वास कपड्यांना लागतो आणि तेच कपडे घालून आपण तंबूत झोपतो. डबा लहान असतो, तेव्हा भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ अशा कमी जागेच्या वस्तू न्या.

व्हेलपासून ग्लेशियर बेच्या पाण्यात पाव नॉटिकल मैल, सुमारे ४६० मीटर, आणि अलास्कात इतरत्र हंपबॅक जातीच्या व्हेलपासून किमान १०० यार्ड दूर राहायचं. हंपबॅक ऑर्कासारखी ध्वनी सोडून अंदाज घेत नाही, म्हणून आवाज न करणारी कयाक तिला कळेलच असं नाही. ती अचानक जवळ वर आली तर वल्हवणं थांबवा, तिन्ही कयाक एकमेकींना लावा आणि कयाकच्या अंगावर वल्ह्याने टकटक करत राहा. पाण्यावर बुडबुड्यांचं कडं दिसलं आणि वर पक्षी घिरट्या घालत असले तर तिथून बाजूला व्हा, खालून तोंड उघडून व्हेल येतेय.

सीलनी मान वर करून तुमच्याकडे बघितलं म्हणजेच तुम्ही फार जवळ आलात. त्या पाण्यात उड्या मारतात तेव्हा पिल्लं मागे राहतात. जॉन्स हॉपकिन्स इनलेट ही आतली खाडी १ मे ते ३० जून सर्वच बोटींना बंद असते ती याचसाठी.

हिमनदीच्या भिंतीपासून पाव मैल हे अगदी किमान, अर्धा मैल बरा. बर्फ पाण्याखालूनही सुटून उसळतो. लाट किनाऱ्यावर येते तेव्हा पाण्यालगत ठेवलेली कयाक घेऊन जाते.

प्रत्युत्तर: ग्लेशियर बे, जुलै – सामानाची यादी

दोघांचेही आभार. ड्रायसूटची चौकशी सुरू केली. स्प्रे आणि गॅसचे डबे इथूनच विमानातून नेता येतील का? फोनला रेंज नसेल तर संपर्क कसा ठेवायचा?

प्रत्युत्तर: ग्लेशियर बे, जुलै – सामानाची यादी

दोन्ही विमानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. जूनो किंवा गस्टेव्हस या अलास्कातल्या गावी घ्या, आणि दुकानात शिल्लक आहेत का ते आधी फोन करून विचारा.

व्हीएचएफ (बोटींवरचा बिनतारी) रेडिओ चॅनल १६ या मदतीच्या चॅनलवर ठेवा, पण तो समोरासमोर दिसेल तिथवरच पोचतो, डोंगराच्या कुशीत आवाज अडतो. त्यासाठी सोबत उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवंच. ते लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा, कयाकच्या डब्यात नको. बार्टलेट कोव्हला परवाना घेताना उद्यानाची माहितीबैठक सक्तीची असते, तिथे मार्ग आणि परतीची तारीख लिहून द्या. भरतीचं कोष्टक घेताना त्यातली वेळ उन्हाळी आहे की प्रमाण, ते बघा. प्रमाण वेळ असेल तर प्रत्येक आकड्यात एक तास मिळवा.