विमानातली सीट आणि जाड प्रवासी: तुमचे अनुभव लिहा

इंदूरहून मुंबई-दिल्लीला विमानानं जाणं आता घरोघरी झालंय, पण जाड माणसाला त्या सीटवर काय सोसावं लागतं ते कुणी बोलत नाही. माझं मत आधीच सांगते: अंगानं मोठ्या माणसाला एका भाड्यात नीट बसता आलं पाहिजे, आणि कंपनीचा नियम तिकीट काढतानाच कळला पाहिजे. शेजारी बसणाऱ्यांनीही जरूर लिहा.

रामबागेतून:
आईला गुडघ्यांसाठी मुंबईला नेत होते. बेल्ट चार बोटं कमी पडला. मी एअर होस्टेसला हळूच खूण केली, तर तिनं जोडायचा बेल्ट वर धरून "एक्स्टेंडर किसको चाहिए?" असं मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. आईनं पदर पुढे ओढून घेतला. मुंबई येईपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण मग बाथरूमला उठावं लागलं असतं आणि सगळ्यांनी पुन्हा पाहिलं असतं. आता मी चढतानाच दारात बेल्ट मागून घेते. फार वाईट वाटतं हो.

सुदामा नगरहून:
मी शेजारी बसणारा. मधल्या सीटवरच्या काकांमुळे आर्मरेस्ट खाली येईना, माझा खांदा वाटेत, ट्रॉली दरवेळी घासून जायची. चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. पण ते सगळा वेळ दोन्ही हात छातीशी आवळून बसले होते. एअरबस ए-३२० ची सीट साधारण १८ इंच, बोइंग ७३७ ची १७ च्या आसपास. त्यात रुंद खांद्याचा पैलवानही मावायचा नाही. पैसे मीही पूर्ण भरले होते. मला जागा देणं कंपनीचं काम, काकांचं नव्हे.

टोरांटोहून, माहेर लोकमान्य नगर:
कॅनडात २००८ साली वाहतूक प्राधिकरणानं ठरवलं की अपंगत्वामुळे, किंवा अपंगत्व ठरावं इतक्या लठ्ठपणामुळे, दुसरी सीट लागली तर देशातल्या प्रवासात तिचं भाडं घ्यायचं नाही. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टानं अपील ऐकायलाच नकार दिला. २००९ पासून ते लागू आहे. आमच्या भाऊजींनी डॉक्टरचा फॉर्म भरून सीट घेतली. भारतात येताना मात्र दोन सीटचे पैसे मोजले.

धागा काढणारी:
रामबागेच्या ताई, आईंना नमस्कार सांगा. अमेरिकेत साउथवेस्ट ही विमान कंपनी जाड प्रवाशांना कित्येक वर्षं दुसऱ्या सीटचे पैसे परत द्यायची. जानेवारी २०२६ पासून विमान सुटताना सीट रिकामी असली तरच देते. म्हणजे विमान भरलं की भुर्दंड प्रवाशाला. हे मला पटत नाही.

विजय नगरहून:
मी माझ्या नावावर दोन सीट काढतो. एकदा गेटवर दुसरी रिकामी समजून दुसऱ्यालाच देऊन टाकली, आणि पैशांसाठी महिनोन्‌महिने मेल करत बसलो. कुणी काढत असाल तर वेब चेक-इनवर थांबू नका, काउंटरवर जाऊन दोन्ही बोर्डिंग पास हातात घ्या.