मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मूल बोलत नसेल, तर त्याला किती दुखते आहे हे कसे ओळखावे?

प्रश्न (चार वर्षांच्या मुलीची आई):
माझ्या मुलीच्या लहान मेंदूतील गाठ परवा शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पहिल्या दिवशी ती दोन-चार शब्द बोलली. कालपासून मात्र ती अजिबात बोलत नाही, आणि कूस बदलताना कण्हते. डॉक्टरांनी तिला तपासले आहे आणि अशा शस्त्रक्रियेनंतर काही मुलांची वाचा काही काळ जाते, असे समजावून सांगितले आहे. सिस्टर दर काही तासांनी एका तक्त्यावर आकडा लिहितात. जी मुलगी काही सांगूच शकत नाही, तिच्या वेदनेचा आकडा कसा ठरवतात? शिवाय वेदनाशामक औषधे जपून द्यावी लागतात, असे सांगितले जाते, त्याचे कारण काय?

उत्तर (परिचारिका, बालरोग अतिदक्षता विभाग):
ताई, मूल बोलत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे कधीही धरू नये. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा हेही स्पष्ट लिहिले की, सांगता न येणाऱ्या व्यक्तीलाही वेदना होत असू शकतात.

आपण पाहिलेला तक्ता बहुधा ‘फ्लॅक’ नावाचा असावा. त्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात, म्हणजे एकूण 10 पैकी आकडा मिळतो. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो वापरतात. बोलू शकणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारता येते आणि आठ वर्षांपुढची बहुतेक मुले स्वतःच आकडा सांगतात.

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हा तक्ता डोळे मिटून भरता येत नाही. एका बाजूचे हातपाय किंवा चेहरा अशक्त झाला असेल, तर मूल पाय झाडत नाही, कपाळाला आठ्या घालत नाही, आणि आकडा फसवा कमी येतो. उलट, वाचा गेलेली मुले वेदना नसतानाही चिडचिडी असतात, त्यामुळे तो जास्तही येऊ शकतो. म्हणून या तक्त्याच्या सुधारित आवृत्तीत त्या मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहून ठेवण्याची सोय आहे, आणि त्या खुणा आईवडिलांइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. मागे कान दुखला होता तेव्हा ती काय करत असे, मूठ आवळत असे की तोंड फिरवून घेत असे, हे सिस्टरांना जरूर सांगा. निजलेल्या मुलाचा आकडा शून्य आला तरी कूस बदलतानाही तो घ्यावा, आणि शिरेतून औषध दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. औषध दिल्याची नोंद आहे पण त्याने बरे वाटले का याची नोंद नाही, असा तक्ता मला अपुरा वाटतो.

उत्तर (भूलतज्ज्ञ):
खुद्द मेंदूला वेदना जाणवत नाही, पण डोक्याची त्वचा, स्नायू आणि मेंदूवरील जाड आवरण यांना ती चांगलीच जाणवते. लहान मेंदूपर्यंत पोहोचताना मानेच्या मागचे स्नायू बाजूला करावे लागतात, म्हणून कूस बदलताना कण्हणे हे बहुधा मानेच्या दुखण्याचे लक्षण असते.

औषधे जपून देण्याचे कारण खरे आहे. मॉर्फिनसारख्या औषधाचा डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतील दाब वाढतो. शिवाय गुंगी आणि डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या यांमुळे शुद्धीची तपासणी अवघड होते. तथापि, या भीतीपोटी मुलाला वेदनेत ठेवणे मला मान्य नाही, कारण वेदनेने रक्तदाब चढतो, मूल ताण देऊन रडते आणि तेही ताज्या जखमेला हिताचे नसते. यावर मार्ग असा की, शस्त्रक्रियेच्या वेळीच डोक्याच्या त्वचेच्या नसांजवळ बधिरतेचे औषध द्यावे, नंतर पॅरासिटामॉल मागणीची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे चालू ठेवावे (सामान्यतः दर किलो वजनाला 15 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी), आणि तेवढ्याने भागले नाही तर श्वास व ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवून मॉर्फिन अल्प मात्रेत द्यावे. आयबुप्रोफेनमुळे रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून ते कधी सुरू करायचे हे शल्यविशारदच ठरवतात. कोडीन हे वेदनाशामक मात्र टाळावे: काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर फार वेगाने होते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्ये 12 वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध ठरवले.

उत्तर (एक वडील):
घरी गेल्यावर बाटलीवरचा आकडा वाचा. पॅरासिटामॉलचे सिरप 5 मिलिलिटरमध्ये 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते. ‘एक चमचा’ एवढेच लक्षात ठेवले तर मात्रा निम्मी किंवा दुप्पट होते. सर्दीच्या सिरपमध्येही अनेकदा पॅरासिटामॉल असते. निमेसुलाइड हे ताप-वेदनेवरचे औषध घरात असल्यास देऊ नका. 12 वर्षांखालील मुलांसाठी भारतात 2011 पासून त्यावर बंदी आहे.

प्रश्नकर्ती:
सर्वांची आभारी आहे. कान दुखला की ती उजव्या हाताने पांघरुणाचे टोक घट्ट धरते, हे आज सिस्टरांना सांगितले आणि त्यांनी ते तक्त्यावर लिहून घेतले. घरी गेल्यावर जखमेचे दुखणे आणि धोक्याचे दुखणे यांत फरक कसा करावा?

उत्तर (परिचारिका, बालरोग अतिदक्षता विभाग):
जखमेचे दुखणे हालचालीने वाढते, औषधाने उतरते आणि दिवसागणिक कमी होते. औषध देऊनही डोकेदुखी वाढत गेली, पहाटे उलट्या होऊ लागल्या, मूल उठवूनही नीट जागे होत नसेल, ताप आला, आकडी आली, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसला किंवा टाक्यांतून पाण्यासारखा स्राव येऊ लागला, तर वेदनाशामक औषधाचा पुढचा डोस देत न थांबता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मॉर्फिननेही मळमळ होते, म्हणून रुग्णालयातून निघताना शेवटचा डोस कोणता व केव्हा दिला हे लिहून घ्या. उलटी झाल्यास डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.