जगाची नजर देणारे शाळेतले उपक्रम: अनुभव धागा

काना_मात्रा
आवराआवरीत शाळेतला जुना नकाशासंग्रह निघाला. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं! राजधान्या पाठ करून जग कळत नाही, हे धरूनच चालू. मग आठवी ते दहावीत कोणते उपक्रम खरंच चालतात नि कुठे फसतात? मापांसकट लिहा.
माझ्याकडून हा: ग्लोबवर ट्रेसिंग पेपर धरून दोन्ही भूभाग गिरवायचे, मग आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. आफ्रिका साधारण 14 पट भरते. कागदाला सुरकुत्या पडतात, मुलं कुरकुरतात. पडू द्यात. गोल सपाट करायचा तर कुठेतरी ताणावंच लागतं, ते तिथेच दिसतं. मर्केटर या नकाशाकाराच्या 1569 च्या नकाशात 60 अंश अक्षांशावर लांबी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. जहाजाला दिशा धरायला तो उत्तम, देश तोलायला नाही.

वेलांटी
ग्लोब 30 सेंमी व्यासाचा तरी हवा. त्यावरही ग्रीनलंड जेमतेम 12 चौ. सेंमी. फुगवायचा आणू नका, हवा गेली की अंटार्क्टिका पोटात 😄

आडवी_रेघ
काठीची सावली!! दोन शाळा, एकच दिवस. 1 मीटरची काठी, ओळंबा लावून सरळ. सूर्य माथ्यावर यायच्या 20 मिनिटं आधीपासून दर 2 मिनिटांनी टोकाला खूण, सावली पुन्हा लांबू लागेपर्यंत. सर्वांत आखूड सावली भागिले काठीची उंची, त्यावरून टॅनच्या (त्रिकोणमितीतला टॅन्जंट) कोष्टकात कोन. दोन शाळांच्या कोनांची वजाबाकी. 360 गुणिले अंतर भागिले तो फरक = परीघ. 40,000 किमीच्या आसपास यायला हवा. घड्याळातले 12 धरलेत तर संपलं. बाकीचं कपडे वाळत घालून लिहिते

अर्धविराम
अंतर उत्तर-दक्षिणच घ्यायचं, रस्त्याचं नाही. आणि अक्षांशांचा फरक गुणिले 111 (एका अंशाचे किमी) करून अंतर काढणारे महाभाग असतात. अहो, 111 मध्येच परीघ बसलाय! नकाशावर पट्टीने मोजा.

आडवी_रेघ
आले. शाळा 500 किमी तरी लांब हव्यात. 100 किमीला एक अंशसुद्धा फरक नाही, आणि मीटरभर काठीच्या सावलीची कडच सेंटिमीटरभर धूसर असते, कारण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. एकीकडे सावली उत्तरेला नि दुसरीकडे दक्षिणेला पडली तर कोनांची बेरीज.

वेलांटी
टॅनचं कोष्टक अजून कोणी वापरतं? 😮

आडवी_रेघ
फोन बाजूला ठेवायला लावला की वापरतात.

तळटीप
इतिहासात एकच प्रश्न पुरतो: दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं? चीनसाठी जुलै 1937, पोलंडसाठी 1 सप्टेंबर 1939, सोव्हिएत संघासाठी 22 जून 1941, अमेरिकेसाठी डिसेंबर 1941. चार गटांना एकेक देश द्यायचा, पहिलं पान त्या देशातून लिहायचं. फसतं कुठे, तर शेवटी शिक्षक 'बरोबर तारीख' फळ्यावर लिहितात. मग चारही पानं रद्दीत.

काना_मात्रा
अगदी! 🙏

पोटफोड्या_ष
कार्बन उत्सर्जनाचा तक्ता तीनदा लावा: एकूण, दरडोई, आणि औद्योगिक काळापासूनची बेरीज. एकूणात चीन वर, दरडोईत कतारसारखे छोटे देश, बेरजेत अमेरिका. तिन्ही याद्या एकाच गटाला देऊ नका. गटाला एकेकच यादी, तरच भांडण रंगतं. वर्ष मात्र एकच ठेवा, नाहीतर भांडण आकड्यांवरच अडकतं.

वेलांटी
माझा अडकलेला प्रश्न: ग्लोब तिरका असतो तो स्टँडमुळे की मुद्दाम?

अर्धविराम
मुद्दाम. पृथ्वीचा अक्षच साडेतेवीस अंश कललाय. नवा धागा काढा 😄