वाडीतले माडाचे नि आंब्याचे बुंधे काढायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धन तालुक्यात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी आडवी झाली. उन्मळून पडलेले माड तेव्हाच हलवले, पण शेंडा मोडलेले सात माड कमरेएवढे ठेवून कापले, ते बुंधे अजून उभे आहेत. शिवाय रायवळ आंब्याचा एक बुंधा, चांगला चार फूट रुंद, विहिरीपासून जेमतेम दहा फुटांवर.

माडांची घाई आहे. गेल्या महिन्यात एक बुंधा पहारीने उकलला तर आतल्या भुशात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या. जवळच लावलेल्या बाणवली जातीच्या नारळाच्या रोपांची नवी पानं त्रिकोणी कातरलेली उमलतात, दोन रोपांचा तर कोंबच गेला. आई तारेच्या आकड्याने भुंगे ओढून काढते, तिच्याने आता किती होणार? माडाला सोटमूळ नसल्यामुळे टिकाव-कुऱ्हाडीने दोघांनी मिळून अर्ध्या दिवसात एक बुंधा उपटला. बाकीचेही उपटू, पण तो भुसा टाकायचा कुठे? शेणखताच्या खड्ड्यात टाकला तर अळ्यांना आयतं घर. ओला असल्यामुळे धड जळतही नाही. खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी घालून कुणाला गुण आला आहे का? किती दिवसांनी परत घालावी लागते?

आंब्याचं दुखणं वेगळं. दर पावसाळ्यात त्याला धुमारे फुटतात, म्हणजे मूळ जिवंत आहे. दगडी गडग्यातून जेसीबीला वाट नाही. वाट केली तरी एवढं मूळ हिसकल्यावर विहिरीचे चिरे जागेवर राहतील याची मला खात्री वाटत नाही. गावात कुणी भोकं पाडून मीठ भरायला सांगतं, कुणी तणनाशक. ते पाणी आम्ही पितो, पोफळींनाही तेच शिंपतो, त्यामुळे दोन्ही नको. कोळसा घालून धुमसत ठेवावं तर मुळं जमिनीखाली आठवडाभर जळत राहतात आणि पलीकडेच शेजाऱ्यांची पेंढ्याची उडवी आहे.

मग धुमारे खुडत राहायचं, बुंधा जमिनीलगत कापून वर माती-शेणाचा थर द्यायचा आणि कुजू द्यायचा, एवढंच मला सुचतंय. असं कुणी केलंय का? किती पावसाळे लागले? मुळं कुजल्यावर विहिरीच्या बाजूची जमीन खचली का? वाळवी घराकडे वळली का? घर तिथून तीसेक पावलांवर आहे.

माडाचे बुंधे मात्र पावसाआधी हलवायचेच आहेत, त्याबद्दल आधी सांगितलंत तर बरं होईल.