शब्दचर्चा : ‘अतिरिक्त शहर अभियंता’ म्हणजे नक्की कोण?

पेठकर

सकाळी पेपर वाचत होतो. पुणे महापालिकेतल्या अभियंत्यांच्या पदांची नव्याने मांडणी, अशी बातमी. शेजारून बायकोने विचारलं, “अहो, हे अतिरिक्त शहर अभियंता म्हणजे जास्तीचे झालेले का? आता यांना कमी करणार?” हसलो खरा, पण सरळ उत्तर देता येईना. ती शिक्षिका. तिच्या शाळेत पटसंख्या घसरली की शिक्षक ‘अतिरिक्त ठरतात’ आणि समायोजनाची, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याची, वाट बघत बसतात. तिला तोच अर्थ आठवणार. तिकडे ‘अतिरिक्त आयुक्त’ मात्र चांगले दालन-गाडीवाले. आणि तिसरा तो ‘अतिरिक्त कार्यभार’. एकाच शब्दाने किती घरचं पाणी भरायचं?

दुसरं असं, की बातमीच्या मथळ्यात ‘खांदेपालट’, मजकुरात ‘पुनर्रचना’, चौकटीत ‘फेरबदल’. हे सगळं एकच का?

अनुवादक ताई

पेठकर, वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे. सरकारी मराठीत ‘अतिरिक्त’ कशाला चिकटलंय ते आधी बघायचं. पदनामाला चिकटलं (अतिरिक्त आयुक्त), तर ते मंजूर केलेलं वेगळं पद असतं. कार्यभाराला चिकटलं, तर माणसाचं मूळ पद दुसरंच, हे काम वरचं. आणि मागे ‘ठरणे’ हे क्रियापद आलं, की समजायचं, त्या माणसाला बसायला खुर्ची उरलेली नाही.

गंमत म्हणजे ‘रिक्त’ आणि ‘अतिरिक्त’ दोन्ही एकाच धातूतून आले, संस्कृत ‘रिच्’, म्हणजे रिकामं करणं. रिक्त म्हणजे रिकामं झालेलं, अतिरिक्त म्हणजे भरून वर उरलेलं. त्यामुळे ‘रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार’ हे वाक्य मी आदेशांमध्ये शेकडो वेळा टाइप केलंय आणि दर वेळी मनात हसलेय.

खांदेपालट आणि पुनर्रचना मात्र एक नाहीत, बातमीदार काहीही लिहोत. पालखीचे भोई खांदा बदलतात, किंवा विसाव्यापाशी तिरडीचे खांदेकरी बदलतात, ती खांदेपालट. ओझं तेच आणि वाटही तीच, फक्त खांदा नवा. पथ विभागाचा अभियंता पाणीपुरवठ्याला गेला आणि तिकडचा इकडे आला, तर खांदेपालट म्हणा. दोन पदं मिळून एक झालं, किंवा एका मुख्य अभियंत्याखालची खाती दोघांत वाटली, तर ओझ्याचीच बांधणी बदलली. ती पुनर्रचना. ‘फेरबदल’ हा ढिला शब्द, दोन्हीकडे चालतो, म्हणून चौकटीत सोयीचा.

निवृत्त उपअभियंता

मी राज्याच्या बांधकाम खात्यात होतो, महापालिकेत नाही, एवढं आधी सांगतो. आमच्याकडे पदनाम ऐकलं की नकाशा दिसायचा. मुख्य अभियंत्याकडे प्रदेश, अधीक्षक अभियंत्याकडे मंडळ, कार्यकारी अभियंत्याकडे विभाग, उपअभियंत्याकडे उपविभाग, शाखा अभियंत्याकडे शाखा. या रस्त्याचा ‘विभाग’ कुठला, असं विचारलं की कार्यकारी अभियंत्याचं नाव आपोआप यायचं.

हीच नावं महापालिकेने घेतली, पण मागचा नकाशा घेतला नाही. तिथे ‘विभाग’ म्हणजे काम : पथ विभाग, मलनिःसारण विभाग. प्रदेशासाठी शब्द वेगळे, क्षेत्रीय कार्यालय आणि परिमंडळ. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आणि ५ परिमंडळं. त्यात मंत्रालयातला नगरविकास ‘विभाग’ आहे आणि महसुलाचा पुणे ‘विभाग’ही, ज्याचे विभागीय आयुक्त. माझा एक जुना सहकारी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे काही काळापुरता, महापालिकेत गेला होता. पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं, “माझ्या विभागाची हद्द कुठपर्यंत?” टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

म्हणून मला वाटतं, पुनर्रचनेची बातमी कळत नाही याचा दोष वाचकाचा नाही. अभियंते कामानुसार वाटायचे की भागानुसार, हाच तर पुनर्रचनेतला मूळ प्रश्न असतो. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. तेव्हा तो प्रश्न मोठाच झाला. पण ‘विभाग’ हा शब्द दोन्हीला वापरला की बातमीत नेमकं काय बदललं तेच गायब होतं.

पेठकर

उपअभियंता साहेब, हे वाचून निम्मं डोकं शांत झालं. पण मग ‘शहर अभियंता’ सगळ्यांचा वरचा ना? रस्त्यातल्या खड्ड्याचं पत्र मी गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच नावे लिहिलं होतं.

निवृत्त उपअभियंता

नावावरून तसं वाटतं खरं. पुण्यात शहर अभियंता म्हटलं की लोकांना आठवते बांधकाम परवानगी. रस्त्याला पथ विभाग. तुमचं पत्र फिरून तिकडेच गेलं असणार.

पण त्या पदनामाला वजन आहे, ते का सांगतो. पुणे महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला, ती मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली. त्या मूळ इंग्रजी कायद्यात ‘सिटी इंजिनिअर’ हे पद नावानिशी आहे. इतर बरीच पदं आली आकृतिबंधातून.

अनुवादक ताई

‘आकृतिबंध’! हा शब्द काढलात ते बरं झालं. समीक्षेत कवितेचा आकृतिबंध असतो, शिक्षणात १०+२+३ चा आकृतिबंध होता, आणि कचेरीत आकृतिबंध म्हणजे कुठल्या संवर्गात (एकाच प्रकारच्या पदांच्या गटात) किती पदं मंजूर, त्याचा तक्ता. मला हा आपल्या प्रशासकीय मराठीतला सगळ्यात देखणा शब्द वाटतो. उगीच दिलेला वाटतो, पण चपखल बसलाय.

नेमका उलटा प्रकार ‘नामनिर्देशन’चा. सेवाप्रवेश नियमांत “अमुक टक्के पदे पदोन्नतीने, अमुक नामनिर्देशनाने” असं असतं. सामान्य माणूस वाचतो आणि म्हणतो, बघा, साहेबांनी नाव सुचवलेली माणसं घेणार! तिथे त्याचा अर्थ आहे सरळसेवा भरती, परीक्षा देऊन. ‘सरळसेवा’ हा सोपा शब्द हाताशी असताना ‘नामनिर्देशन’ अजून का ठेवलाय, हे मला कळलेलं नाही.

प्रूफवाला

उशिरा आलो. दोन दुरुस्त्या, सवय जात नाही.

‘अधीक्षक’मधला ‘धी’ दीर्घ. अधि + ईक्षक, वरून बघणारा. ‘अधिक्षक अभियंता’ अशी पाटी मी एका कार्यालयाच्या दारावर पितळेत कोरलेली पाहिलीय. कागदावरची चूक खोडता तरी येते.

आणि ‘अभियंता’ नेत्यासारखा चालवा : अभियंते, अभियंत्याने, अभियंत्यांना. हल्ली ‘अभियंताने’, ‘अभियंतांची बदली’ असं सर्रास छापून येतं. नेता कधी ‘नेताने’ म्हणाला का? मूळ ‘यन्तृ’, म्हणजे लगाम हाती धरणारा, सारथी. ‘यंत्र’ही त्याच घरातलं.

एक कोडं मात्र मला सुटत नाही. उप + आयुक्त = उपायुक्त, उप + अध्यक्ष = उपाध्यक्ष. मग उप + अभियंता = उपाभियंता का नाही?

निवृत्त उपअभियंता

३१ वर्षं नोकरी केली, कुणी ‘उपाभियंता’ म्हटलं असतं तर मी ओ दिली नसती! आम्हाला ‘डेप्युटी’च म्हणत. संधी करायला शब्द तोंडात रुळावा लागतो, आमचा रुळलाच नाही.

पेठकर

एक शेवटचं. बातमीतल्या एका नावापुढे ‘प्र.’ होतं. ते प्रभारी ना? की विद्यापीठात प्र-कुलगुरू असतात तसं काही?

अनुवादक ताई

टिंब आणि जोडरेघ बघा. ‘प्र-कुलगुरू’ हे स्वतंत्र पद, कुलगुरूंच्या खालचं. ‘प्र.’ टिंबासकट आलं तर प्रभारी, म्हणजे खुर्ची सांभाळतोय, त्या पदावर नेमणूक झालेली नाही. पुनर्रचनेचा आदेश वाचताना मी आधी ती टिंबं मोजते. ज्या तक्त्यात पदं नवी आणि सगळ्यांपुढे ‘प्र.’, तिथे आकृतिबंध बदलला आहे, माणसं अजून नेमायची आहेत.

पेठकर

मोजली. सात नावं, पाच टिंबं. बायको म्हणते, मग अतिरिक्तपेक्षा ‘उसनवार’ म्हणा.

निवृत्त उपअभियंता

वहिनींना सांगा, ‘उसनवार तत्त्वावर’ हाही आदेशातलाच शब्द आहे. वाटीभर साखरेसारखी माणसं मागून आणतात.