जिभेला मार्क देता येतात का?

चिमूटभर: परवा एका बिस्किटांच्या टेस्टिंगला गेलेलो. छोटासा कप्पा, वर लाल दिवा (रंग कळू नये म्हणून), समोर चार बशा, त्यांच्यावर तीन आकडी नंबर, मध्ये मध्ये पाण्याने चूळ भरायची आणि प्रत्येकाला १ ते ९ मार्क द्यायचे. पहिल्याला ७ दिले, दुसरं बेचव म्हणून ३, तिसरं मस्त म्हणून ८, आणि चौथं नेमकं पहिल्या-तिसऱ्याच्या मधलं निघालं! साडेसातला जागाच नाही, ७ टाकून मोकळा झालो. आता माझ्या ७ ची आणि शेजारच्या कप्प्यातल्या बाईंच्या ७ ची सरासरी काढून हे लोक रेसिपी ठरवणार. चव काय अशी मोजायची गोष्ट आहे का राव?

सरासरी_सदाशिव: साफ असहमत. ही ९ पायऱ्यांची पट्टी अमेरिकन सैनिकांना कुठलं जेवण आवडतं हे बघायला बनवली होती, १९५७ साली पेरियम आणि पिल्ग्रिम यांनी त्यावर पेपर लिहिला, आजही सगळीकडे तीच वापरतात. कोणी सढळ हाताने मार्क देतं कोणी चिकटपणा करतं हे आकडेमोड करणाऱ्या मॉडेलवाल्यांना माहीत असतंच हो, प्रत्येकाची स्वतःची सरासरी वजा करतात मग बघतात. बशांचा क्रमही प्रत्येकाला वेगळा.

कडूकारलं: वजाबाकीने सगळं सुटत नाही सदाशिवराव. प्रॉप नावाचं एक रसायन काहींना जहर कडू लागतं, काहींना कागद चघळल्यासारखं, आणि हा फरक बराचसा जनुकांतून येतो. मग दोघांनी "खूप कडू"वर टिक केली तर ते "खूप" एकच कसं? चवीवर संशोधन करणाऱ्या लिंडा बार्टोशुक यांनी म्हणून चवीची तुलना आवाजाशी वगैरे करायला लावली, म्हणजे हे कडू किती मोठ्या आवाजाएवढं वाटतं ते सांगा. ऐकायला येडपट वाटतं पण डोकं लावलंय.

चिमूटभर: बघा, आता चव कानाने मोजा 😀 आणि १९८५ चं न्यू कोक, म्हणजे कोका-कोलाची बदललेली चव, विसरलात का? जवळपास २ लाख लोकांना चाखवलं, नवीन चव जिंकली, आणि बाजारात आणल्यावर इतकी बोंब झाली की ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं.

सरासरी_सदाशिव: ते गणित नाही चुकलं, प्रश्न चुकला. एक घोट आवडणं वेगळं, रोज बाटली संपवणं वेगळं, आणि जुनं कायमचं बंद झालं तर चालेल का हे धड विचारलंच नाही.

चिमूटभर: अहो मग प्रश्नावलीत प्रश्न सोडून असतं काय?!

दोनातलं_एक: मार्क मागूच नका ना मग. दोन बशा ठेवा, कुठलं जास्त आवडलं एवढंच विचारा. थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ लाच अशा जोड्यांवरून पट्टी कशी बांधायची ते दाखवलं, १९५२ ला जोड्यांतल्या हार-जितीवरून प्रत्येकाचं वजन काढणारं ब्रॅडली-टेरी मॉडेल आलं. चिमूटभर, तुम्ही स्वतःच तिसरं, मग चौथं, मग पहिलं अशी ओळ लावलीत की, जीभ कुठे अडली? अडला तो आकडा. फक्त सगळ्यांची मिळून एकच ओळ लावू नका, अर्ध्यांना गोड अर्ध्यांना कमी गोड हवं असेल तर मधलं बिस्कीट कोणीच खात नाही. आधी गट पाडा.

चिमूटभर: हे जरा पटतंय. पण फॉर्मच्या शेवटी होतं "विकत घ्याल का?" मी "नक्की" वर टिक केली, कारण फॉर्म घ्यायला आलेली मुलगी समोरच उभी होती, वाईट वाटलं असतं तिला. पुडा काही आणला नाही अजून.