द्वेषाच्या पोस्टवरून नोकरी घालवावी का?

रविवारचा_चहा: ऑफिसात काल पुन्हा वाद झाला. मी उदाहरण दिलं २०१८चं. जम्मूतल्या कठुआत आठ वर्षांच्या मुस्लिम पोरीवर अत्याचार करून तिला मारलं, आणि कोटक महिंद्रा बँकेच्या केरळमधल्या एका अधिकाऱ्याने फेसबुकवर लिहिलं की बरं झालं मेली, नाहीतर उद्या बॉम्ब घेऊन आली असती. लोकांनी बँकेचं पान कमेंटांनी भरून टाकलं. बँकेने निषेध केला आणि सांगितलं, त्याला ११ एप्रिललाच खराब कामगिरीमुळे काढलंय. माझ्या मते अशाला काढायलाच हवं. उद्या कर्ज मागायला एखादी मुस्लिम बाई समोर बसली, तर हा तिची फाईल कशी बघणार?

बारा_गावचं_पाणी: 'खराब कामगिरी'! म्हणजे पोस्टसाठी काढलं असं उघड म्हणायचं नाहीच. आणि द्वेष कशाला म्हणायचं ते ठरवणार कोण? २०१२ साली बाळासाहेब गेल्यावर जो बंद झाला, त्यावर पालघरच्या एका मुलीने शंका काढली, दुसरीने लाईक केलं. दोघींना अटक, वर एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. त्या दिवशी पालघरात सगळ्यात 'भावना दुखावणारी' पोस्ट तीच होती.

रविवारचा_चहा: बंदबद्दलची शंका आणि मेलेल्या पोरीवरचा आनंद, एकाच तराजूत? शेंबड्या पोराला कळेल हा फरक.

बारा_गावचं_पाणी: पोराला कळेल हो, मालकाला कळत नाही. त्याला फक्त किती मेल आले ते दिसतं.

तिसरी_शिफ्ट: चाकण-भोसरी पट्ट्यात वीस वर्षं एचआर केलंय. कंपनी विचारू नका. एका सोमवारी साहेबांच्या मेलवर एकाच स्क्रीनशॉटच्या साठ-सत्तर प्रती. कडा कापलेल्या, तारीख गायब. साहेब म्हणाले, गेटवरच कार्ड काढून घ्या. पंचिंग मशीनपाशी सगळ्यांदेखत घेतलं, बिचारा हातात डबा धरून उभा. दुपारी कळलं, त्या नावाचे आमच्याकडे तिघे, आणि पोस्टवाला त्यातला एकही नाही! संध्याकाळी परत बोलावला, पण कॅन्टीनमध्ये कोणी शेजारी बसेना. दीड महिन्यात राजीनामा.

म्हणून म्हणतो, आधी चार्जशीट, मग खुलासा, मग चौकशी. ग्लॅक्सोच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८३ सालीच सांगितलंय: स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सेवाशर्तींच्या नियमांत, 'आवारात किंवा आसपास' असं लिहिलं असेल, तर लांब बाहेर घडलेलं गैरवर्तन त्यात ओढून आणता येत नाही. आता फेसबुक कुणाच्या आवारात, ते वकिलांना विचारा. जॉइनिंगला सोशल मीडिया पॉलिसीवर सही घेतात ती उगाच नाही.

देरा_दुबई: इकडे एवढी चर्चाच नसते. २०१५पासून द्वेषविरोधी कायदा आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये कोरोनाचं खापर मुसलमानांवर फोडणाऱ्या पोस्टी टाकून आपल्या काही लोकांनी नोकऱ्या घालवल्या, शेवटी राजदूत पवन कपूर यांना ट्वीट करून बजावावं लागलं. व्हिसा कंपनीचा, नोकरी गेली की चंबूगबाळं आवरायचं. पण माझ्या खोलीतला एक जण इथे तोंड शिवून बसतो, आणि सुट्टीवर साताऱ्यात उतरला की पुन्हा सुरू.

मिरजेची_शबाना: सगळे मालकाचं आणि काढलेल्याचं बोलताय. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं काय? एका बाईंचं स्टेटस मी रोज बघायचे आणि दुपारी त्यांच्याच डब्यातली भाजी घ्यायचे. 'तुम्ही तशा नाही हो,' असं म्हणायच्या. त्यांना काढा असं मी कधीच म्हटलं नाही, घर त्यांच्यावर चालायचं. एकदा बोलावून 'हे इथे चालणार नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तक्रार केली, तर माझंच टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवलं.

रविवारचा_चहा: शबानाताई, तुमच्या बाईंना तंबी पुरे, हे मान्य. कठुआवाल्याबद्दल मात्र माझं मत तेच. शिफ्टभाऊ, त्या डबेवाल्याची माफी मागितली का कुणी?

तिसरी_शिफ्ट: नाही. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, मात्र वेळेत दिला.